दोन सेंटिमीटरांची सूट

चौदा मार्च, सोमवार, सकाळचे दहा वाजून चाळीस मिनिटे. चौकातल्या पांढऱ्या पट्ट्यांवर त्या क्षणी जीव तीन होते आणि त्यांना सांभाळायला हात दोन. उजवा हात बाबागाडीच्या दांड्यावर होता आणि गाडीत बावीस दिवसांचा नातू, ज्याला घरात अजून सगळे ‘पाहुणा’च म्हणत. डावा हात खाली सोडलेला होता आणि त्याची पहिली दोन बोटे नातीच्या मुठीत होती. नातीला दोन वर्षे पूर्ण व्हायला अजून अवकाश होता आणि तिचे घरातले नाव टिल्ली. रस्ता अर्धा ओलांडून झाला होता. तेवढ्यात डाव्या हाताला ओझे जाणवले. हट्ट करणारे मूल हाताला कसे लागते हे आजोबांना, म्हणजे कारखान्यातून निवृत्त झालेल्या तपासनिसांना, ठाऊक होते. ते ताठ होते, ओढ घेते, त्याच्या मनगटात विरोध असतो. हे ओझे उलट जातीचे होते. मनगटातला सगळा विरोध संपला, गुडघे एकामागून एक दुमडले आणि टिल्ली पांढऱ्या पट्टीवर बसली. डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हते. ती चालता चालता झोपली होती.

रस्त्याला कडेच्या गटाराकडे किंचित उतार होता. एरवी पायांनाही न कळणारा तो उतार गाडीच्या चाकांना बरोबर कळला, आणि दांडा तळव्यातून पुढे सरकू लागला. वाकून टिल्लीला उचलावे तर दांडा सोडावा लागत होता. दांडा धरून ठेवावा तर वाकता येत नव्हते. आयुष्यभर यंत्रांच्या सुट्या भागांकडे पाहिलेल्या त्या माणसाला त्या दोनचार सेकंदांत स्वतःचे शरीर एका चुकीच्या आराखड्यासारखे दिसले: दोन टोकांना भार आणि मधला सांधा, म्हणजे डावा गुडघा, झिजलेला. समोर बस थांबली होती. चालकाने खिडकीतून डोके बाहेर काढले आणि म्हटले, “सावकाश, आजोबा. मला काही लगीनघाई नाही.” मग, तपासनिसांनी कसेबसे गाडीपुढे येऊन पोटऱ्यांनी ती अडवून टिल्लीला गुंडाळलेल्या सतरंजीसारखे बगलेत मारले तेव्हा, तो पुन्हा म्हणाला, “पण दोन हातांत तीन जीव कसे बसवायचे हो?”

“तीन कुठे?” तपासनिसांनी नकळत विचारले. हिशेब चुकला की दुरुस्त करायचा, ही सवय.

“का? तुमचा नको का धरायला?” चालक हसला आणि त्याने हाताने जा, जा अशी खूण केली.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला सांगितले, “टिल्ली रस्त्यात जरा बसली.” मुलगी पलंगावर उशीला टेकून बसली होती, तिने पाहुण्याला घेतले, पदराखाली केले आणि मगच वर पाहिले. “रस्त्यात म्हणजे कुठे, बाबा?” “चौकात.” ‘जरा’ हा शब्द तपासनिसांच्या कानात राहून गेला. मापाच्या धंद्यात हा शब्द त्यांनी कधी चालू दिला नव्हता. जरा जाड, जरा तिरपे, जरा सैल, असे कोणी कारागीर म्हणाला की ते विचारत, “जरा म्हणजे किती?” आणि उत्तर येईपर्यंत तो भाग टेबलावरून हलू देत नसत. कारखान्यात त्यांचे नाव ‘सूतभर’ पडले होते ते यावरूनच. एकदा एका खेपेतले सगळे दांडे त्यांनी परत पाठवले, तेव्हा मुख्य कारागीर कपाळाला हात लावून म्हणाला होता, “साहेब, सूतभर तर फरक आहे!” आणि ते म्हणाले होते, “मग सूतभर दुरुस्त करा.” त्या दिवसापासून जेवणाच्या सुट्टीत पाठीमागून हाक यायची, “आले सूतभर, भाकरीचा व्यास मोजून ठेवा रे!” त्यांनी ते कधी मनाला लावून घेतले नाही. उलट निवृत्तीच्या दिवशी फलकावर खडूने लिहिलेले ते नाव पाहून त्यांना गहिवरून आले होते.

संध्याकाळी मुलीने विषय काढला. विषय जुनाच होता; पाहुणा यायच्या आधीपासून तो घरात न बसलेल्या पाहुण्यासारखा दारात उभा होता. खाली तळमजल्यावर शिंपीणबाईंचे दुकान होते. त्यांची जुळी मुले आता मोठी झाली होती, आणि त्यांची शेजारी-शेजारी दोन आसनांची जोडगाडी दुकानाच्या मागच्या खोलीत कापडाच्या ताग्यांखाली पडून होती. “शनिवारपर्यंत ठेवते म्हणाल्या,” मुलगी म्हणाली. “मग त्या दुसऱ्या कुणाला तरी देतील. माझी रजाही संपेल, बाबा. मग दिवसभर दोघं तुमच्याकडेच. हे तर अजून चार महिने समुद्रावर.” हे म्हणजे जावई, तो जहाजावर अभियंता होता आणि घरी येई तेव्हा त्याला जमीन हलल्यासारखी वाटे.

“लिफ्टचं काय?” तपासनिसांच्या तोंडून पहिला शब्द हाच निघाला. विचार करून निघाला असता तर त्यांना त्याचे काही वाटले नसते. पण तो आधीच ओठांवर येऊन बसलेला होता, जणू कितीतरी दिवस तिथे तयार होता.

“तेच तर. फोनवर बघितलं मी, कंपनी रुंदी चौऱ्याहत्तर सेंटिमीटर सांगते. आपल्या लिफ्टचं दार किती आहे कुणास ठाऊक. चौथा मजला आहे, लिफ्टमध्ये गेली नाही तर घेऊन उपयोग काय?” आणि मग तिने ते वाक्य टाकले. ते तिच्या दृष्टीने साधे होते. “तुम्हीच बघा ना मोजून. ते खातं तुमचं. जाते म्हणालात तर घेऊ, नाही म्हणालात तर विषय बंद. तुमच्यावर सोडलं.”

तपासनिसांच्या धंद्यात एक जुनी सोय होती. प्रत्येक भागाची मापे काढत बसायला वेळ नसतो. म्हणून एक नमुना करून ठेवायचा आणि तो भोकात घालून बघायचा. जातो की जात नाही, एवढाच प्रश्न. जातो म्हणजे भाग चांगला, जात नाही म्हणजे भाग वाईट. मध्ये ‘जरा’ला जागाच नाही. तंत्रनिकेतनाच्या पहिल्या वर्षी, कार्यशाळेच्या तेलकट वासात, शिक्षकांनी हा नमुना त्यांच्या तळहातावर ठेवला होता तेव्हा त्याच्या थंड वजनाने त्यांना एक विलक्षण शांतता मिळाली होती. घरी वडिलांचा स्वभाव असा होता की कालचे चांगले आज वाईट ठरे. इथे पोलादाचा एक तुकडा होता जो कुणाचा राग-लोभ पाहत नव्हता. त्यांनी त्या तुकड्याशी जन्माची सोयरीक केली. म्हणून बुधवारी सकाळी त्यांनी माळ्यावरून एक सरळ लाकडी पट्टी काढली, तिची धार डोळ्याशी नेऊन ती वाकलेली नाही याची खात्री केली, पेन्सिलीने खूण केली आणि करवत चालवली. पट्टी म्हणजे जोडगाडीची रुंदी. ती आडवी धरून आपण रोज जातो त्या सगळ्या वाटेने फिरायचे. ती जिथून जाईल तिथून गाडी जाईल. खूण करताना त्यांचा हात चौऱ्याहत्तरवर थांबला, पुढे गेला, आणि शहात्तरवर रेघ पडली. कापड फुगते, त्यांनी स्वतःशी म्हटले. चाके बाहेरच्या बाजूला पसरतात. कंपन्या आपलेच घोडे पुढे दामटतात. दोन सेंटिमीटरांची सूट धरलेली बरी. लाकडाचा भुसा बोटांना लागला होता तो त्यांनी पुसला आणि पट्टीच्या दोन्ही टोकांना घासकागद मारला, कारण टिल्ली ती हातात घेतल्याशिवाय राहणार नव्हती.

राहिली नाहीच. “मी धलते,” ती म्हणाली आणि तिने एक टोक ताब्यात घेतले. पाहुण्याला आईजवळ ठेवून दोघे निघाले, पट्टीच्या एका टोकाला आजोबा आणि दुसऱ्याला नात. पट्टी समपातळीत राहावी म्हणून तपासनिसांना गुडघे वाकवून, जवळजवळ टिल्लीच्या उंचीला उतरून चालावे लागत होते. लोक वळून पाहत होते. घराचे दार: जाते. खालचे काचेचे मोठे दार: जाते. किराणा दुकानाचे दार: जाते, पण आत पोत्यांची रास, तेव्हा मालकाला सांगावे लागेल. औषधांच्या दुकानाची पायरी, दवाखान्याचे दार, जिथे स्वागतिकेने विचारले, “काका, ही कसली तपासणी?” आणि त्यांनी उत्तर द्यायच्या आत टिल्लीने सांगितले, “गाली.” बागेच्या फाटकात लोखंडी खांब रोवलेले होते, तिथेही ती बरोबर गेली. प्रत्येक वेळी पट्टी पलीकडे गेली की टिल्ली ओरडत होती, “आबा, गेली!” आणि प्रत्येक ‘गेली’बरोबर तपासनिसांच्या छातीत काहीतरी थोडे थोडे खाली बसत होते. त्यांना आनंद व्हायला हवा होता. वाट मोकळी होती. त्यांनी स्वतःला विचारले की आपल्याला नेमके काय होते आहे, आणि उत्तर येण्याआधीच टिल्लीने पट्टी सोडून त्यांची दोन बोटे धरली. पट्टी त्यांनी काखेत घेतली. मूठ गरम होती आणि थोडी चिकट. ती त्यांच्या दोन बोटांभोवती अशी बसायची की मधे सूतभरही जागा राहत नसे. बायको गेल्यापासूनच्या तीन वर्षांत त्यांच्या हाताला दुसरे कोणी असे धरले नव्हते. मुलगी धरी, पण ती आधार देण्यासाठी. कोपराखाली हात घालून, जसे जिन्यावरून म्हाताऱ्याला उतरवतात तसे. टिल्ली आधार घेण्यासाठी धरत होती. या दोन धरण्यांमधला फरक त्यांच्याकडच्या कुठल्याच साधनाने मोजता आला नसता. जोडगाडी आली की दोन्ही मुले पुढे बसतील, पुढे बघतील, आणि मागे दांड्यावर दोन हात असतील. हमालाचेही हात असेच असतात.

परत आले तेव्हा फक्त लिफ्ट राहिली होती. दार सरकून उघडले. टिल्ली आपले टोक धरून आत शिरली. तिचे टोक खाली होते आणि तपासनीस दमून सरळ उभे राहिले होते म्हणून त्यांचे वर, आणि तशी तिरपी पट्टी अलगद आत गेली. “आबा, गेली!” टिल्ली म्हणाली. “नाही, बेटा. असं नाही. सरळ धरायची.” त्यांनी पट्टी बाहेर काढली, तिच्या हातातून घेतली, दोन्ही टोके सारख्या उंचीवर आणून पुढे सरकवली. दोन्हीकडून एकदम आवाज झाला, लाकूड धातूवर आपटल्याचा, कोरडा, निर्णायक. पट्टी आडवी अडकून राहिली. दार मिटायला आले, तिला आपटले, पुन्हा उघडले. पुन्हा मिटायला आले, पुन्हा उघडले. “गेली,” टिल्ली हट्टाने म्हणाली. “नाही गेली,” तपासनीस म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात जे होते ते त्यांनी स्वतःच ऐकले. कारखान्यात एखादा भाग नाकारताना त्यांचा आवाज असा कधीच नसे. तिथे त्यात काहीच नसे. इथे त्यात सुटका होती.

दुपारी जेवताना त्यांनी निकाल सांगितला. “लिफ्टमध्ये जात नाही.”

मुलगी “बरं,” म्हणाली. इतकेच. तिने ‘किती कमी पडते’ असे विचारले असते तर! तिने ‘पुन्हा एकदा बघा’ म्हटले असते, चिडली असती, लिफ्टवाल्यांना नावे ठेवली असती, तरी चालले असते. पण तिने ताटातला घास तोंडात घातला आणि चावत राहिली. तिच्या लेखी, बाबांनी मोजले म्हणजे मोजून झाले. आता ती स्वतः प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासत असे; लहानपणी ती वडिलांच्या टेबलाशी उभी राहून विचारायची, “बाबा, हे पास की नापास?” आणि त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. तीच नजर. तपासनीस पाणी प्याले.

“मग असं करू,” ती थोड्या वेळाने म्हणाली, आणि तिने टिल्लीला मांडीवर ओढले. “टिल्लीबाई आता चालणार. मोठी झाली ना टिल्ली? ताई झाली. आणि चालायला काय, आईसुद्धा चालायची की! आजोबांना विचार. मामा झाला तेव्हा मामा गाडीत आणि आई शेजारून चालत. चालता चालता झोपायची आई. डोळे मिटलेले आणि पाय चालू! आजोबा सगळ्यांना सांगायचे, आमची लेक झोपेतसुद्धा कूच करते, हिला पलटणीत घाला.” ती हसली. टिल्ली हसली, कारण आई हसली. हा विनोद या घराचा जुना विनोद होता. पाहुणे आले, नवे सोयरे आले, जावई पहिल्यांदा जेवायला आला, की तपासनीस तो सांगत. मुठी हलवून, डोळे मिटून, कूच करून दाखवत. तीस वर्षांत तो एकदाही पडला नव्हता. सगळे हसत. आता प्रथमच त्यांच्या लक्षात आले की एक माणूस हसत नसे. विनोद त्या जागी आला की बायको उठे. पाणी आणायला, दिवा लावायला, खिडकी ओढून घ्यायला. तिला तो ऐकून ऐकून कंटाळा आला असेल असे त्यांनी धरून चालले होते. धरून चालले होते, मोजले नव्हते. आज तो विनोद दुसऱ्या तोंडून ऐकताना त्यांना समोर रस्ता दिसला, पांढरी पट्टी दिसली, आणि तिच्यावर उघड्या डोळ्यांनी झोपलेली एक मुलगी, आणि ती टिल्लीच आहे की आणखी कोणी, हे क्षणभर सांगता येईना.

“तुला आठवतं ते?” त्यांनी विचारले.

“काय?”

“चालणं.”

“छे, बाबा, कसं आठवेल? दोन वर्षांची होते मी.” ती टिल्लीचे तोंड पुसत होती, पुसता पुसता थांबली. “एक पट्टा आठवतो. आईच्या पिशवीचा असेल, नाहीतर गाडीचा. तो धरून चालायचे बहुतेक. ओला असायचा. चोखत असेन मी.” आणि मग, जणू काही विशेष नाही अशा रीतीने, “अजून कधी दमले ना, की त्याची चव येते तोंडात. खारट. गंमत आहे.”

त्या दुपारी तपासनीस खोलीत आडवे झाले पण डोळा लागला नाही. पट्टी कपाटाला टेकून उभी होती. घरात पंख्याचा आवाज होता, पाहुण्याच्या श्वासाचा होता, बाहेर कुठेतरी कोणी भिंतीत खिळा ठोकत होते. ओला पट्टा. खारट. इतकी वर्षे त्या विनोदातली मुलगी बाहेरून दिसत होती. मिटलेले डोळे, चालू पाय. तिला आतून काय लागत होते हे कुणी विचारले नव्हते, आणि ते सगळे तिच्या जिभेवर राहून गेले होते, नाव नसलेले. मोठी झाली, ताई झाली. कुणाचे तरी धाकटे भावंड आले की एका दिवसात मूल मोठे होते; काल कडेवर असते, आज पायांवर. त्याचे माप तेच असते, फक्त शेजारी त्याहून लहान माप ठेवलेले असते. तपासनिसांनी कूस बदलली. कारखान्यात एक नियम होता, आणि तो त्यांनीच कडक केला होता: ज्या नमुन्याने भाग तपासायचे तो नमुनासुद्धा ठरल्या वेळी तपासायचा. कपाटात मखमलीवर ठेवलेला एक मूळ नमुना असे. रोजचा नमुना त्याच्याशी ताडून पाहायचा, कारण वापरून वापरून तोही झिजतो, फसवतो. कारागिरांवर संशय घेण्याआधी हातातल्या पोलादावर घ्या, असे ते नव्या मुलांना सांगत. आणि दुसरी गोष्ट सांगत, ती याहून महत्त्वाची: सूट धरायची ती बनवणाऱ्याने, आराखड्यात. तपासणाऱ्याने नाही. तपासणाऱ्याने सूट धरली की ती सूट राहत नाही, मर्जी होते. आणि मर्जी काय असते हे तपासनिसांना लहानपणापासून ठाऊक होते. कालचे चांगले आज वाईट. त्यांनी पट्टीकडे पाहिले. तिच्या दोन्ही टोकांना त्यांनीच मारलेला घासकागद गुळगुळीत चमकत होता. किती काळजीने केलेली होती ती. किती सुबक.

ते उठले. कपाटातून पोलादी मोजपट्टी काढली, खिशात घातली आणि खाली गेले.

शिंपीणबाई यंत्रावर होत्या. तोंडात टाचण्या धरून त्या बोलत आणि एकही खाली पडत नसे. “या काका! ताईंचा निरोप आला मघाशी, नको म्हणून. लिफ्टमध्ये जात नाही म्हणे?” त्यांनी पाय थांबवला, टाचण्या काढल्या. “माझ्या दोन राक्षसांना घेऊन मी दोन वर्षं जात होते की वर, तिसऱ्या मजल्यावर राहायचो तेव्हा. याच लिफ्टनं. आता लिफ्ट बारीक झाली की गाडी जाड झाली?”

तपासनिसांच्या कानांच्या पाळ्या तापल्या. “मला ती मोजायची होती,” ते म्हणाले. “प्रत्यक्ष.”

“मोजा की. माझ्या दुकानात मोजायला लाजायचं नाही.” त्यांनी मागच्या खोलीतला दिवा लावला, तागे बाजूला केले. “बायका येतात, कंबर सांगतात अठ्ठावीस. मी मान हलवते आणि टेप लावते. टेप लावल्यावर कुणी भांडत नाही. आणि हिचे पट्टे धुतलेत हो मी, पण एकाचा रंग गेलाय. धाकटा चावायचा.”

जोडगाडी राखाडी होती, एका आसनावर जुना दुधाचा डाग होता. तपासनीस खाली बसले. डावा गुडघा कुरकुरला. त्यांनी मोजपट्टी दोन मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांना लावली, कारण सगळ्यात रुंद जागा तीच होती. कापड फुगलेले नव्हते. चाके पसरलेली नव्हती. कंपनीने स्वतःचे घोडे पुढे दामटलेले नव्हते. डोळे आकड्याच्या सरळ रेषेत आणून त्यांनी वाचले, दुसऱ्यांदा वाचले, मग चाके थोडी फिरवून तिसऱ्यांदा. चौऱ्याहत्तर. शिंपीणबाई दारात उभ्या होत्या. मग म्हणाल्या, “काका, एक सांगू? पहिल्यांदा दोघांना यात बसवलं ना, तेव्हा मला रडू आलं. वाटलं, आता कुणीच कडेवर नाही. हात मोकळे, आणि मोकळ्या हातांचं करायचं काय तेच कळेना.”

“मग?”

“मग काय! दोन दिवसांत सवय झाली. ती झोपायची, मी दुकानाचे हिशेब डोक्यात करायचे. आणि उतरवल्यावर चिकटायची ती चिकटायचीच. मुलं कुठं पळून जातात हो गाडीत बसून?”

तपासनिसांनी मुलीला काय सांगायचे याची वाक्ये जिन्यात जुळवली. लिफ्टने ते गेले नाहीत. दुसऱ्या मजल्यावर त्यांना धाप लागली आणि सगळी वाक्ये गळून गेली. वर मुलगी कपडे वाळत घालत होती. त्यांनी पट्टी आणली, तिच्यासमोर टेबलावर ठेवली आणि मोजपट्टी तिच्या शेजारी लावली. “वाच,” ते म्हणाले.

तिने वाकून वाचले. “शहात्तर.” मग वर पाहिले. “पण गाडी तर चौऱ्याहत्तर...”

“हो.”

“चुकून?”

तपासनिसांनी मान हलवली. आडवी.

ती बराच वेळ त्यांच्याकडे पाहत राहिली. पास की नापास, असे विचारणारी नजर ती नव्हती. बहुधा पहिल्यांदाच ती स्वतः वाचत होती. टिल्ली येऊन आजोबांच्या दोन बोटांना लोंबकळली आणि मुलीची नजर त्या मुठीवर गेली, तिथे थांबली. तिने हातातले ओले झबले पिळले, दोरीवर टाकले, चिमटा लावला. “बाबा,” ती म्हणाली, “ती काय जन्मभर गाडीत बसणार आहे का?” मग करवत कुठे आहे असे तिनेच विचारले.

पट्टीचा दोन सेंटिमीटरांचा तुकडा खाली पडला तो टिल्लीने उचलला आणि दिवसभर मुठीत ठेवला.

शनिवारी सकाळी जोडगाडी वर आली. पाहुण्याला डाव्या आसनात आडवे केले, टिल्लीला उजव्या. ती आधी ताठ झाली, ओढ घेतली, “मी चालते, मी मोठी,” म्हणाली. मुलीने पट्टा लावला नाही; ती थांबली. तपासनीस पुढे येऊन गुडघ्यांवर बसले आणि म्हणाले, “तू मोठी नाहीस, टिल्ली. तू लहान आहेस.” तिने त्यांच्याकडे नीट पाहून घेतले. असे तिला गेल्या कित्येक दिवसांत कोणी म्हटले नव्हते. “लहान?” “लहान. एवढीशी.” त्यांनी बोटांनी माप दाखवले. मग तिच्या अंगातला सगळा विरोध गेला, पाठ आसनाला टेकली आणि पट्ट्याचे टोक तोंडात गेले. लिफ्ट यायच्या आतच तिचे डोळे मिटले. या वेळी ते नीट, पूर्ण मिटले. दार सरकले. तपासनिसांनी दोन्ही हात दांड्यावर ठेवले. डाव्या हाताची पहिली दोन बोटे सवयीने थोडी सुटी राहिली, ती त्यांनी तशीच राहू दिली. त्यांनी गाडी सरळ केली, श्वास धरला आणि ढकलली. कुठेही आवाज झाला नाही. दार मागे मिटू लागले तेव्हा त्यांनी सवयीने वळून दोन्ही कडांकडे पाहिले.

दाराची रुंदी पंच्याहत्तर, गाडीची चौऱ्याहत्तर. मोकळी जागा, दोन्ही बाजू मिळून: दहा मिलिमीटर.